पडदा कापला, आता बाळंतपण कसं?

प्रश्न : माझं वय ३१. पहिला गर्भ नवव्या आठवड्यात गेला, दुसरा सतराव्या. त्यानंतरच्या तपासण्यांत गर्भाशयात मधोमध पडदा असल्याचं कळलं आणि तो दुर्बिणीतून कापला. आता मला चौदावा आठवडा चालू आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत. पण डोक्यात नुसता गोंधळ आहे. मिस्टरांनी कुठेतरी वाचलं की या ऑपरेशनचा काही उपयोग होत नाही असं एका अभ्यासात दिसलंय. तेव्हापासून ते ‘उगाच केलं का आपण?’ म्हणत बसतात. आई म्हणते, नऊ महिने पलंगावरून उतरायचं नाही. जाऊबाई म्हणतात, पिशवीवर एकदा कात्री चालली की सिझरच करावं लागतं, नाहीतर कळांमध्ये पिशवी फाटते. एक डॉक्टर पिशवीच्या तोंडाला टाका घालू म्हणाले, दुसऱ्या म्हणाल्या गरज नाही. आणि मुलगी झाली तर तिलाही हे होईल का? (नाव छापू नये.)

उत्तर : सोपं आधी उरकते. आईंना माझा नमस्कार सांगा आणि पलंगावरून उतरा. झोपून राहिल्याने गर्भ टिकतो असं आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही. उलट पडून राहिलं की पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, अंगातली ताकद जाते आणि मन दिवसभर एकाच गोष्टीभोवती घिरट्या घालतं. कामावर जा, चाला, दमलात की बसा.

मुलीचं म्हणाल, तर बाईचं गर्भाशय ती स्वतः आईच्या पोटात असतानाच घडतं. सुरुवातीला दोन वेगळ्या नळ्या असतात. दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत त्या एकमेकींना जुळतात आणि त्यांच्यामधली भिंत विसाव्या आठवड्याच्या सुमारास विरून जाते. तुमच्यात ती पुरती विरली नाही. तुमच्या आईने तेव्हा काही खाल्लं, उचललं, धावपळ केली, यातल्या कशानेही हे झालेलं नाही. हे आईंनाही सांगा, कारण ‘पलंगावरून उतरू नकोस’च्या मागे पुष्कळदा हीच बोच असते. काही घरांत एकीपेक्षा जास्त जणींना असा दोष असतो, पण बहुतेक वेळा तो एकटाच येतो. मुलगी झालीच तर तिला घेऊन तपासण्यांना धावायची गरज नाही.

आता मिस्टर. त्यांनी वाचलेला अभ्यास बहुधा नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला असावा. पडदा असलेल्या ८० बायका चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटल्या. एका गटाचा पडदा कापला, दुसऱ्याचा तसाच ठेवला. वर्षभरात दिवस राहून पुढे जिवंत बाळ हाती आलं, असं कापलेल्यांत ३१ टक्के आणि न कापलेल्यांत ३५ टक्के. फायदा दिसला नाही, हे मिस्टरांचं म्हणणं खरं आहे. वर्षानुवर्षं हे ऑपरेशन करत आलेल्या आम्हा मंडळींना तो निकाल पचायला जडच गेला.

पण ८० हा आकडा छोटा आहे. एवढ्याच बायका गोळा करायला आठ वर्षं गेली, आणि ते मला नवल वाटत नाही. जिचे दोन गर्भ गेलेत तिला ‘चिठ्ठीत निघेल ते’ कसं पटावं? एवढ्या थोड्या संख्येत फार मोठा फरक असेल तरच तो सापडतो. शिवाय त्या सगळ्या एका माळेतल्या नव्हत्या. कुणाला दिवसच राहत नव्हते, कुणाचे गर्भ गेले होते, कुणाचं बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं होतं.

याच्या नेमके उलटे आकडेही तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवेल, म्हणून मीच सांगते. २००० साली जुने अहवाल एकत्र करून एक आढावा छापला गेला. ऑपरेशनच्या आधीच्या गरोदरपणांपैकी ८८ टक्के गर्भपातात संपलेली आणि फक्त ३ टक्के पूर्ण दिवसांची. ऑपरेशननंतर गर्भपात १४ टक्के आणि पूर्ण दिवसांची बाळंतपणं ८० टक्के. हे वाचून कुणीही म्हणेल, कापून टाका. पण ऑपरेशनच्या टेबलावर येते ती बाई कोण? जिचे गर्भ गेलेत ती. पडदा असूनही जिची दोन मुलं सुखरूप झाली ती आमच्याकडे येतच नाही. आपल्याला पडदा आहे हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. म्हणजे ‘आधीचा’ आकडा वाईट असणार हे निवडीतच ठरलेलं. ‘नंतरच्या’ आकड्यात ऑपरेशनचा हात किती आणि आपोआप झालं असतं ते किती, हे त्या आढाव्यातून वेगळं काढता येत नाही. वारंवार गर्भपात होऊनही कारण न सापडलेल्या बायकांतसुद्धा पुढच्या खेपेला, काही खास उपचार न करता, निम्म्याहून बऱ्याच जास्त जणींना मूल होतं.

माझं स्वतःचं धोरण सांगते. दिवस राहत नाहीत एवढ्याच कारणासाठी पडदा कापायला मी नाखूश असते. गर्भ वारंवार गेलेत, त्यातला एखादा चांगला चार महिन्यांचा होता आणि पडदा खोल आहे, तर कापण्याकडे माझा कल झुकतो. मात्र पुरावा कच्चा आहे हे आधी सांगूनच. तुमच्या बाबतीत मीही बहुधा तोच सल्ला दिला असता. मिस्टरांना म्हणावं, कापलेला पडदा काही परत जोडता येत नाही. त्यापेक्षा पुढच्या सोनोग्राफीला सोबत या.

एक मात्र विचारावंसं वाटतं. पडदा सापडल्यावर बाकीच्या तपासण्या तिथेच थांबल्या नाहीत ना? एक कारण हाती लागलं की दुसरं कुणी शोधत नाही, असं होतं. सतराव्या आठवड्यात गर्भ गेलेल्या बाईची अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीची रक्ततपासणी झालेली असावी. हा रक्तात गुठळ्या होण्याचा प्रकार आहे आणि त्याच्यावर ॲस्पिरिन व हेपॅरिन असा चालणारा इलाज आहे. थायरॉइड आणि साखरही पाहिलेली असावी. फाइलमध्ये हे रिपोर्ट नसतील तर पुढच्या भेटीतच डॉक्टरांना विचारा.

आता जाऊबाईंचा मुद्दा. त्यांचं पूर्ण चूक नाही, पण त्या दोन वेगळ्या ऑपरेशनांची गल्लत करताहेत. पोट उघडून गर्भाशयाची भिंत आरपार कापली आणि पुन्हा शिवली, तर त्या भिंतीवर व्रण राहतो आणि जोराच्या कळांत तो उसवू शकतो. तुमच्या ऑपरेशनात योनीमार्गातून दुर्बीण आत गेली आणि पोकळीतला पडदा आतूनच कापला गेला. बाहेरची भिंत जशीच्या तशी राहायला हवी. टाके नाहीत, पोटावर खूण नाही. असं ऑपरेशन सरळ पार पडलं असेल तर केवळ त्यासाठी सिझेरियन करण्याचं कारण नसतं, आणि अशा कितीतरी बायका नॉर्मल बाळंत होतात.

‘सरळ पार पडलं असेल तर’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. पडदा म्हणजे नुसता पांढरा निर्जीव तंतू, असं पूर्वी मानलं जाई. प्रत्यक्षात त्यात स्नायूही असतात, आणि पडदा संपून गर्भाशयाचा तळ कुठे सुरू होतो ती रेघ काही आखलेली नसते. कापणारा हात जास्त खोल गेला तर तळ पातळ होतो, क्वचित भोक पडतं. पुढच्या गरोदरपणात पिशवी फाटल्याच्या घटना दुर्मीळ आहेत, पण नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींच्या ऑपरेशनमध्ये भोक पडल्याचा किंवा विजेच्या उपकरणाने खूप खोल कापल्याचा इतिहास आहे. त्यातल्या काही तर कळा सुरू होण्याच्या आधीच घडल्या.

म्हणून नॉर्मल की सिझर, याचं उत्तर मी किंवा जाऊबाई देऊ शकत नाही. ते तुमच्या ऑपरेशनच्या नोंदीत आहे. डिस्चार्ज कार्डावर बहुतेकदा ‘हिस्टेरोस्कोपी केली, प्रकृती ठीक’ एवढंच खरडलेलं असतं. त्यावर भागवू नका. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथून ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या. ती मागणं हा तुमचा हक्क आहे. तिच्यात बघायचं ते असं : कापायला साधी कात्री वापरली की वीज की लेझर, तळाला भोक पडलं होतं का, पडलं असेल तर ते शिवलं का, त्याच वेळी एखादी गाठ काढली होती का, पडदा किती शिल्लक ठेवला. शेवटच्या मुद्द्याने घाबरू नका. तळ पातळ होऊ नये म्हणून थोडा पडदा मुद्दाम ठेवतात, आणि १ सेंटिमीटरपेक्षा कमी उरलेल्या उंचवट्याला सहसा महत्त्व देत नाहीत. ही नोंद बाळंतपणाच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा. रात्री दोन वाजता ड्युटीवर असणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला आधी कधी पाहिलेलंही नसेल.

नोंद साफ असेल तर नॉर्मल बाळंतपणाची तयारी ठेवा. पण ते अशा ठिकाणी व्हावं जिथे कळांच्या काळात बाळाचे ठोके सलग पाहिले जातात, ऑपरेशन थिएटर लगेच उघडतं आणि रक्ताची सोय आहे. व्रण ताणला जात असेल तर पहिली खूण पुष्कळदा बाळाच्या ठोक्यांत दिसते. पोट दुखण्याची वाट बघत बसण्यात अर्थ नसतो. औषधाने कळा आणायची वेळ आलीच तर या ऑपरेशनची आठवण तुम्ही स्वतः करून द्या.

टाक्याबद्दल दोन डॉक्टरांची दोन मतं पडली ती तुमच्या सतराव्या आठवड्यामुळे. त्या वेळी नेमकं काय झालं होतं? फारसं न दुखता तोंड उघडलं आणि गर्भ बाहेर आला, की आधी ठोके थांबले आणि मग कळा आणून बाहेर काढावा लागला? पहिलं असेल तर पिशवीचं तोंड कमजोर असल्याचा संशय घ्यायला जागा आहे आणि टाका सुचवणाऱ्यांचं ऐकण्यासारखं आहे. दुसरं असेल तर टाका घालून काय साधणार? नक्की आठवत नसेल तर मधला रस्ता आहे : सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी योनीमार्गातून सोनोग्राफी करून तोंडाची लांबी मोजायची. ती २५ मिलिमीटरच्या वर राहिली तर टाक्याचा विषय मागे पडतो. त्याखाली आली तर टाका किंवा योनीत ठेवायची प्रोजेस्टेरॉनची गोळी, यांपैकी काय ते ठरवता येतं. पडदा कापला म्हणून सरसकट सगळ्यांना टाका घालण्याची पद्धत मला मान्य नाही.

राहिलं शेवटच्या महिन्यांचं. ऑपरेशननंतरही बाळ पायाळू किंवा आडवं राहण्याची आणि अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त धरून चालावं, कारण पोकळीचा आकार अगदी सर्वसाधारण होतोच असं नाही. आणि वार. जिथे कापलं होतं त्याच जागी वार चिकटली तर बाळंतपणानंतर ती सुटायला वेळ लावते, कधी घट्ट रुतलेली असते. विसाव्या आठवड्याच्या आसपासच्या सोनोग्राफीला ‘वार कुठे आहे आणि तळाची भिंत कशी दिसते?’ असं आवर्जून विचारा. पोटात अचानक उठलेली आणि न थांबणारी कळ, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, चक्कर, खांद्याच्या टोकाशी विचित्र दुखणं, पुढच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : वय २६, अजून दिवस राहिलेले नाहीत. नळ्या तपासायला केलेल्या एक्स-रेमध्ये गर्भाशयाला ‘दोन शिंगं’ दिसली. पडदा आहे, दुर्बिणीतून कापून टाकू, असं सांगितलंय. तारीखही दिली आहे. करून घेऊ का?

उत्तर : तारीख पुढे ढकला. त्या एक्स-रेमध्ये औषध भरलेली आतली पोकळी तेवढी दिसते. गर्भाशय बाहेरून कसं आहे हे त्यात कळत नाही, आणि सगळा निर्णय त्यावरच टांगलेला आहे. बाहेरून तळ गोल आणि आत भिंत, तर तो पडदा. बाहेरूनच तळाला खोल खाच पडून गर्भाशय बदामाच्या आकाराचं झालं असेल तर ते खरोखर द्विशृंगी गर्भाशय. एक्स-रेत दोन्ही सारखीच दिसू शकतात. दुसऱ्या प्रकारात मधे कापायला पडदाच नसतो. कात्री पुढे सरकली तर सरळ पिशवीच्या बाहेर, पोटात. आधी थ्री-डी सोनोग्राफी करून घ्या, ती चांगल्या हाताची हवी. तरी शंका उरली तर एमआरआय. पूर्वी याच शंकेसाठी पोटात दुर्बीण घालून पाहावं लागे, आता सहसा लागत नाही.

द्विशृंगी ठरलं तर आज आम्ही शक्यतो हात लावत नाही. अशा बायकांना दिवस राहण्यात फारशी अडचण नसते. लक्ष द्यायचं ते बाळ पायाळू असण्याकडे आणि लवकर बाळंत होण्याकडे. पडदाच निघाला, तरी तुमचा एकही गर्भ गेलेला नाही. आधी नळ्या, बीज सुटणं आणि नवऱ्याची वीर्यतपासणी बघा. वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी, आणि तीच राहून जाते. पडद्याची व्याख्यासुद्धा सगळीकडे एक नाही. युरोपातल्या संस्थांचा निकष वापरला तर अमेरिकेतल्या निकषापेक्षा बऱ्याच जास्त बायकांना ‘पडदा आहे’ असं लेबल लागतं. तेव्हा रिपोर्टमध्ये किती मिलिमीटर लिहिलंय ते बघा. जमल्यास दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफीही त्याच भेटीत करून घ्या. गर्भाशय आणि मूत्रपिंड शेजारी-शेजारी घडतात, आणि गर्भाशयात दोष असलेल्या काहींना, विशेषतः एकाच बाजूचं गर्भाशय असलेल्यांना, मूत्रपिंडही एकच असतं.

प्रश्न : माझं गर्भाशय दोन भागांचं होतं. काही वर्षांपूर्वी पोट उघडून ते दोन्ही भाग जोडले. आता सातवा महिना आहे. डॉक्टर म्हणतात, कळा यायच्या आधीच सिझेरियन. माझी इच्छा नॉर्मलची आहे. तुमच्याकडून दुसरं मत हवंय.

उत्तर : दुसरं मत पहिल्यासारखंच आहे. जर्मन डॉक्टर श्ट्रासमान यांच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आली आहे. आता ती क्वचितच करतात. तिच्यात गर्भाशयाचा तळ आरपार उघडून शिवला जातो. नेहमीच्या सिझेरियनचा छेद खालच्या पातळ भागावर असतो. तुमचा व्रण वरच्या जाड स्नायूत आहे, जिथे कळांचा सगळा जोर असतो. तिथे कळांची परीक्षा घेऊ नये. ठरलेल्या तारखेआधी पोट दुखू लागलं तर ‘खोट्या कळा असतील’ म्हणून घरी थांबू नका. ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये शुद्धीत राहून बाळाला लगेच छातीशी घेता येतं का, हे मात्र भूलतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी ते जमतं.

प्रश्न : पडदा कापून तीन आठवडे झाले. पुन्हा प्रयत्न कधी करायचा? आत कॉपर टी बसवली तर भिंती चिकटत नाहीत असं ऐकलं, ती बसवून घेऊ का?

उत्तर : कापलेल्या जागेवर नवं अस्तर यायला साधारण दोन महिने लागतात, तेवढं थांबा. सहा-सहा महिने थांबण्याने काही वेगळं मिळत नाही. भिंती चिकटू नयेत म्हणून कॉपर टी किंवा हॉर्मोनच्या गोळ्या देतात खऱ्या, पण त्यांनी पुढे मूल होण्याची शक्यता वाढते असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे मी सहसा देत नाही. पाळी मात्र बघा. ती पूर्वीपेक्षा अगदीच कमी झाली, किंवा आलीच नाही आणि त्या दिवसांत ओटीपोट दुखलं, तर आत चिकटल्याची शंका घेऊन पुन्हा एकदा दुर्बिणीतून पाहावं लागेल. आणि पाळी आली नाही तर आधी गरोदरपणाची चाचणी करा.